इंग्लंडच्या मॅनर-दप्तरात पूर्वज सापडत नसेल, तर काय तपासावे

इंग्रज घराण्याची वंशावळ मागे नेताना चर्चच्या नोंदवह्यांपाशी काम अडते, कोणीतरी मॅनरची, म्हणजे जुन्या जमीनदारी मिळकतीची, कागदपत्रे पाहायला सुचवते आणि तिथेही नाव मिळाले नाही की ‘दप्तर नष्ट झाले असावे’ असे म्हणून शोध गुंडाळला जातो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतून, विशेषतः जिथे आई किंवा वडील इंग्रज आहेत अशा घरांतून, वंशावळीची जी कामे माझ्याकडे येतात त्यांत हाच अडथळा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक वेळा दप्तर शाबूत असते आणि पूर्वजही त्यात असतो. शोधणारा मात्र माणसाचे नाव घेऊन फिरत असतो आणि दप्तर लागलेले असते जमिनीच्या नावाने. पुढच्या जवळजवळ सर्व तपासण्या या एकाच गोष्टीतून निघतात.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी लक्षण तुमच्या कामात दिसत असेल, तरी ही तपासणी उपयोगी पडावी. चर्चच्या वहीत मुलांचे बाप्तिस्मे ओळीने सापडतात, पण त्यांच्या बापाचा बाप्तिस्मा कुठेच नाही, किंवा एकाच गावात त्याच नावाचे दोन-तीन जण एकाच काळात आहेत आणि आपला कोणता ते कळत नाही. नॅशनल आर्काइव्हजच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, सूचीत आडनाव टाकले तर मॅनरचा एकही कागद समोर येत नाही. गावाच्या नावाचा मॅनर सापडला, त्याच्या न्यायसभेच्या नोंदींच्या गुंडाळ्याही पाहून झाल्या, पण आडनाव एकदाही आले नाही. नाव सापडले, मात्र मुलाला जमीन मिळाल्याची नोंद बापाच्या मृत्यूच्या आधीची निघते. थोरले भाऊ हयात असताना जमीन धाकट्याच्या नावावर जाते आणि त्यावरून थोरले मेले असावेत असे गृहीत धरले जाते.

चर्चच्या नोंदवह्या १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने सुरू झाल्या, तरी अनेक गावांत सलग नोंदी १५९८ नंतरच्याच मिळतात आणि १६४० ते १६६० या यादवीच्या काळात त्यांत मोठी भगदाडे पडली आहेत. मॅनरच्या न्यायसभांच्या गुंडाळ्या मात्र तेराव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या, अर्थात लॉर्डच्या, हक्काखालची मिळकत आणि त्या मिळकतीवर भरणारी त्याची न्यायसभा. कुळाकडची जमीन हस्तांतरित व्हायची तर ती या सभेतच व्हावी लागे; कारभारी, म्हणजे स्टुअर्ड, ते गुंडाळीत लिही आणि त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हाती देई. त्या नकलेवरूनच या कूळहक्काला कॉपीहोल्ड हे नाव पडले. ज्यांनी तलाठ्याकडचे फेरफार लावून सातबाऱ्याचा मागचा इतिहास काढला आहे, त्यांना या दप्तराची रीत समजायला वेळ लागणार नाही. ही पद्धत १ जानेवारी १९२६ रोजी संपली, म्हणजे काही घराण्यांच्या बाबतीत आजोबा-पणजोबांपर्यंतची नोंदही याच दप्तरात आहे.

पहिली तपासणी: शोधपेटीत काय लिहिले?

ही तपासणी घरबसल्या होते आणि तिला खर्च नाही. इंग्लंड आणि वेल्समधील मॅनरच्या कागदपत्रांची एक राष्ट्रीय नोंदसूची आहे, तिला मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर म्हणतात आणि ती नॅशनल आर्काइव्हजच्या डिस्कव्हरी या संकेतस्थळावर पाहता येते. या सूचीत माणसांची नावे नाहीत. तिच्यात मॅनरचे नाव, परगणा (काउंटी), कोणत्या वर्षांचे कोणते कागद आहेत आणि ते कोणत्या अभिलेखागारात ठेवले आहेत एवढेच असते. कागदाचे चित्रही नसते. तेव्हा तिच्यात आडनाव टाकून काही मिळाले नाही, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. आधी परगणा निवडावा, मग गावाचे किंवा पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीचे, नाव टाकावे, आणि जे मॅनर समोर येतील ते सर्व, नाव ओळखीचे असो वा नसो, वहीत उतरवून घ्यावेत.

हे आधी करायचे कारण असे की शून्य निकाल पाहून निम्मे लोक इथूनच परत फिरतात.

दुसरी तपासणी: घरातले कागद आणि मृत्युपत्रे पुन्हा वाचली का?

मृत्युपत्र वाचताना आपले लक्ष मुलाबाळांच्या नावांवर असते आणि जमिनीचे वाक्य डोळ्यांखालून निसटते. ‘अमुक मॅनरकडून कॉपीहोल्डने धरलेले माझे घर व तीन एकर’ असे चार शब्द मिळाले तर पुढची निम्मी पायपीट वाचते, कारण मॅनरचे नाव मृत माणसानेच सांगितलेले असते. १८१५ च्या कायद्यापूर्वी कॉपीहोल्ड जमीन मृत्युपत्राने द्यायची तर साधारणपणे ती आधी न्यायसभेत लॉर्डच्या हाती सोडून ‘माझ्या मृत्युपत्राच्या उपयोगासाठी’ असे नोंदवून घ्यावे लागे. म्हणून मृत्युपत्रात ‘मी ही जमीन माझ्या मृत्युपत्राच्या उपयोगासाठी सोडली आहे’ असे वाक्य असेल, तर त्या माणसाच्या हयातीत न्यायसभेच्या गुंडाळीत त्याची किमान एक नोंद झालेली असणार, हे धरून चालावे. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांपैकी कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयातली नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांची सूची नावाने शोधता येते, तर बाकीची बहुतांशी परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत.

याच ओघात एक गोष्ट तपासून घ्यावी. कुळाला मिळालेली नक्कल ही कुळाची मालमत्ता, मॅनरचे दप्तर नव्हे; त्यामुळे ती वर सांगितलेल्या राष्ट्रीय सूचीत सहसा येत नाही. ती घराच्या खरेदीखतांबरोबर वकिलाच्या पेटीत पडून राहते आणि पुढे अभिलेखागारात ‘खरेदीखते’ या सदराखाली दाखल होते. परगण्याच्या अभिलेखागाराच्या सूचीत गावाचे नाव आणि ‘न्यायसभेच्या गुंडाळीची नक्कल’ असा शोध वेगळा घ्यावा. या सूच्यांत मात्र पक्षकारांची नावे पुष्कळदा दिलेली असतात, म्हणून आडनावाचा शोध चालतो तो इथे.

तिसरी तपासणी: मॅनर बरोबर आहे का?

मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोष हाच आहे. पॅरिश ही चर्चची हद्द आणि मॅनर ही जमीनदाराची. दोन्हींचे नाव एक असले तरी त्यांच्या सीमा एक असतीलच असे नाही. एका पॅरिशमध्ये चार मॅनर असू शकतात, एक मॅनर पाच पॅरिशांत पसरलेला असू शकतो, आणि शेजारच्या दोन घरांचे लॉर्ड निराळे असू शकतात. यॉर्कशायरमधला वेकफील्डचा मॅनर वेकफील्ड शहरापासून पश्चिमेला हॅलिफॅक्सच्या पलीकडल्या डोंगराळ भागापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरला होता. हॅलिफॅक्सजवळच्या सोअरबी गावच्या कुळांची नोंद म्हणूनच वेकफील्डच्या गुंडाळ्यांत आहे. सोअरबी नावाचा स्वतंत्र मॅनर शोधत बसणाऱ्याला ती मिळणार नाही. या वेकफील्डच्या गुंडाळ्या १२७४ पासून विसाव्या शतकापर्यंतच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच मध्ययुगीन गुंडाळ्या इंग्रजीत छापूनही आल्या आहेत.

कोणते मॅनर कोणत्या गावात होते हे पाहण्यासाठी व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी ही ग्रंथमाला सर्वांत उपयोगी. १८९९ मध्ये सुरू झालेले हे काम अजून पूर्ण झालेले नाही, पण ज्या भागांचे खंड निघाले आहेत तिथे पॅरिशवार मॅनरांची यादी आणि प्रत्येक मॅनर कोणाकडून कोणाकडे गेला याचा माग दिलेला असतो. त्यांतले पुष्कळ खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या संकेतस्थळावर वाचता येतात. लॉर्ड कोण होता हे टिपून ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण दप्तर गावाच्या मागे न जाता लॉर्डच्या मागे जाते. लॉर्ड ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज असेल तर कागद कॉलेजच्या अभिलेखागारात; राजघराणे किंवा डची ऑफ लँकेस्टर (राजाची खासगी मिळकत) असेल तर बहुधा क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये; विंचेस्टरचा बिशप असेल तर हॅम्पशरच्या अभिलेखागारात. काही दप्तरे तर समुद्रापार गेली आहेत: ससेक्समधील बॅटल मठाचे कागद कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत आणि सफोकमधील रेडग्रेव्हचे शिकागो विद्यापीठात. आज मॅनरचे कागद परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, पण ते संरक्षण १९२० च्या दशकात आले.

घर गावात नेमके कुठे होते हे माहीत नसेल, तर १८३६ च्या टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांशाच्या, कायद्यानंतर काढलेले नकाशे आणि त्यांच्या याद्या पाहाव्यात. त्यांत प्रत्येक शेताचा क्रमांक, नाव, मालक आणि कसणारा दिलेला असतो. शेताचे नाव शतकानुशतके टिकते. आडनावाचे स्पेलिंग तेवढे टिकत नाही.

चौथी तपासणी: हा माणूस या दप्तरात असायला हवाच होता का?

सर्वच गावकरी न्यायसभेच्या जमीन-नोंदींत येत नाहीत. कॉपीहोल्डचे कूळ असेल तर त्याच्या जमिनीचा प्रत्येक व्यवहार तिथे येतो. फ्रीहोल्डवाल्याचे, म्हणजे कायम मालकीची जमीन असलेल्याचे, नाव खंडाच्या (वार्षिक भाड्याच्या) यादीत, सभेला हजर राहण्याच्या यादीत किंवा त्याच्या मृत्यूच्या उल्लेखात येते, त्याची खरेदी-विक्री मात्र बाहेर खतांवर होते. मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असलेला माणूस क्वचितच दिसतो. कुळाने पुढे ज्याला जमीन कसायला दिली तो पोटकूळ, आणि ज्याच्याकडे जमीनच नव्हती तो मजूर, हे जमिनीच्या व्यवहारात जवळजवळ दिसतच नाहीत.

अशा माणसासाठी दुसऱ्या सभेचे कागद पाहावे लागतात. जमिनीचे व्यवहार कोर्ट बॅरनमध्ये होत. कोर्ट लीट ही सभा गावातली शिस्त आणि किरकोळ गुन्हे पाही आणि तिथे बारा वर्षांवरील पुरुषांनी हजर राहायचे असे. ती साधारणपणे वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकलमस (२९ सप्टेंबरचा संत मायकलचा सण) यांच्या सुमारास भरे. नाला न उपसल्याचा दंड, नाकात कडी न घातलेली डुकरे मोकळी सोडल्याचा दंड, मापात खोट करून बिअर विकल्याचा दंड, अशा नोंदींत भूमिहीन माणसे सापडतात. बिअर गाळणाऱ्यांत बायका पुष्कळ असल्याने ज्या स्त्रिया दुसऱ्या कोणत्याच कागदात नाहीत त्याही इथे भेटतात. गैरहजेरीबद्दल सबब पाठवणाऱ्यांची यादी कंटाळवाणी दिसते म्हणून लोक ती वगळतात, पण त्या यादीत नाव असणे म्हणजे माणूस त्या दिवशी जिवंत होता आणि त्या मॅनरशी बांधलेला होता, याचा तो लेखी पुरावा आहे.

पाचवी तपासणी: तारखा

मुलगा बापाच्या आधी वारस झाला, असा घोळ दिसला की आधी तारखा पाहाव्यात, नाती नंतर. गुंडाळीवर वर्ष सनाने न देता राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेले असते. पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी गादीवर आली, म्हणून तिचे विसावे वर्ष १७ नोव्हेंबर १५७७ ला सुरू होऊन १६ नोव्हेंबर १५७८ ला संपते. ‘विसावे वर्ष, २० नोव्हेंबर’ म्हणजे १५७७ आणि ‘विसावे वर्ष, १० एप्रिल’ म्हणजे १५७८. दोन्ही नोंदींना १५७८ लावले तर आधीची नोंद नंतरची होते आणि मेलेला माणूस सभेत येऊन जमीन देऊ लागतो.

दुसऱ्या चार्ल्सच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. तो प्रत्यक्षात १६६० मध्ये परत आला, पण त्याची वर्षे बापाच्या वधापासून, म्हणजे ३० जानेवारी १६४९ पासून मोजली गेली. त्यामुळे गुंडाळ्यांत त्याचे पहिले वर्ष बारावे असते. याशिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. तेव्हा जुन्या कागदावरची ‘१० फेब्रुवारी १६९९’ आपल्या हिशोबाने १७०० ची असते. अशी तारीख १६९९/१७०० अशा जोडवर्षाने लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. दिवस अनेकदा सणावरून दिलेला असतो, जसे ‘संत मायकलच्या सणानंतरचा गुरुवार’, आणि त्यासाठी त्या वर्षाची दिनदर्शिका मांडून पाहावी लागते. हे काम नीरस आहे, पण त्याला पैसा लागत नाही.

सहावी तपासणी: नावे

१६५१ ते १६६० ही प्रजासत्ताकाची वर्षे सोडली, तर १७३३ पर्यंत या गुंडाळ्या लॅटिनमध्ये लिहिल्या जात. जॉन तिथे योहानेस होतो, जेम्स याकोबुस, राल्फ रादुल्फुस, जेफ्री गालफ्रिदुस आणि जाइल्स चक्क एगिदियुस. आडनावे साधारणपणे इंग्रजीतच राहतात, पण स्पेलिंग प्रत्येक कारकुनाचे वेगळे. ‘उर्फ’ या अर्थी आलेला ‘एलियस’ दुर्लक्षू नये: दोन आडनावे ‘एलियस’ने जोडून पिढ्यान्‌पिढ्या चालवणारी घराणी होती, आणि याचे एक कारण असे की जमीन आईकडून किंवा सावत्र बापाकडून आली तर त्या जमिनीशी जोडलेले नाव टाकून देणे सोयीचे नसे. चर्चच्या वहीत त्यांतले एकच नाव असते. बापाचा बाप्तिस्मा न सापडण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

सातवी तपासणी: वाचन उलट दिशेने चालले आहे का?

आता अभिलेखागारात प्रत्यक्ष जायचे. वाचक-पत्र काढावे लागते. नॅशनल आर्काइव्हजमध्ये स्वतः छायाचित्रे घेण्यास शुल्क नाही, परगण्यांच्या अभिलेखागारांत मात्र ते असू शकते. कोणती गुंडाळी मागवायची? बहुतेक जण सर्वांत जुनी मागवतात आणि पहिल्याच फुटभर लॅटिनमध्ये बुडतात. सर्वांत अलीकडची मागवावी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चर्मपत्राच्या गुंडाळ्यांऐवजी बांधीव वह्या आल्या, त्या इंग्रजीत आहेत, अक्षर वाचता येते आणि पुष्कळ वह्यांच्या शेवटी कुळांच्या नावांची अनुक्रमणिकाही असते. नावाने शोधायची जागा मिळाली तर ती इथे, आणि इथून जमिनीला धरून मागे जायचे.

मागे जाता येते ते नोंदीच्या घडणीमुळे. नोंद साधारण अशी असते: या न्यायसभेला अमुक आला, आणि अमुक तमुकाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा व जवळचा वारस या नात्याने, अमुक नावाचे घर, त्याच्या पूर्वेला अमक्याची जमीन व उत्तरेला रस्ता, पूर्वी तमक्याच्या ताब्यात असलेले, ज्यावर मृत कुळाला अमक्या राजाच्या अमक्या वर्षीच्या सभेत प्रवेश मिळाला होता, ते आपल्याला मिळावे अशी प्रार्थना केली, लॉर्डने कारभाऱ्याच्या हातून, छडीने (ती ताब्याची खूण), त्याला ताबा दिला, वार्षिक खंड इतका, नजराणा इतका, त्याने निष्ठेची शपथ घेतली. समासात नजराण्याची रक्कम आणि हेरियट, म्हणजे मृत कुळाच्या गोठ्यातले सर्वोत्तम जनावर किंवा त्याबदली घेतलेली रक्कम, लिहिलेली असते. या एका वाक्यात नाते आहे, मृत्यूचा काळ आहे, शेजारी आहेत आणि मुख्य म्हणजे ‘अमक्या वर्षीच्या सभेत प्रवेश मिळाला होता’ हा आधीच्या नोंदीचा पत्ता आहे. तो घेऊन मागची वही मागवावी. तिथे पुन्हा त्याच्या आधीचा पत्ता मिळतो. चांगले दप्तर असेल तर अशी साखळी १७०० च्याही मागे सहज जाते, आणि लॅटिन सुरू होईपर्यंत घराचे नाव, शेजारी व खंडाची रक्कम इतकी पाठ झालेली असते की लॅटिन नोंदीतही ती ओळखू येतात. खंड शतकानुशतके बदलत नसे, त्यामुळे ‘दोन शिलिंग साडेतीन पेन्स’ ही रक्कमच त्या घराची खूण होऊन बसते. एकाच नावाची दोन माणसे वेगळी करायला याहून चांगले साधन मला माहीत नाही.

इथे बारीक गोष्टी दोन-तीन आहेत. सभांच्या गुंडाळ्यांत चर्मपत्राचे तुकडे बहुधा वरच्या टोकाला एकत्र शिवलेले असतात आणि लेखन पाठीमागच्या बाजूला पुढे चालू राहते. पाठ न पाहता गुंडाळी संपली असे मानणारे वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘मागील सभेनंतर मरण पावला’ असे असेल तर मागील सभेची तारीख काढावी, म्हणजे मृत्यू कोणत्या दोन दिवसांच्या मध्ये झाला ते कळते आणि चर्चच्या दफन-नोंदीत तीच खिडकी पाहता येते. नवरा-बायको मिळून जमीन सोडत असतील तर कारभाऱ्याने बायकोला एकांतात विचारून तिची संमती घेतल्याची नोंद असते. बायकोचे नाव, आणि जमीन तिच्या माहेरची असेल तर तिच्या बापाचेही, तिथे सापडते. वारस अल्पवयीन असेल तर त्याचे वय व पालक नोंदला जातो, आणि हा पालक पुष्कळदा आईचा दुसरा नवरा निघतो.

आठवी तपासणी: त्या मॅनरचा वारसा-रिवाज

जमीन कोणाला गेली यावरून कोण जिवंत होते हे ठरवण्यापूर्वी त्या मॅनरचा रिवाज माहीत हवा. देशाचा सर्वसाधारण कायदा थोरल्या मुलाला वारस मानी, परंतु कॉपीहोल्ड जमिनीला मॅनरचा रिवाज लागू होई. ससेक्समधल्या आणि आसपासच्या परगण्यांतल्या अनेक मॅनरांत बरो इंग्लिश या रिवाजाने जमीन सर्वांत धाकट्या मुलाला जाई. केंटमध्ये गॅव्हलकाइंड या रिवाजाने सर्व मुलग्यांना समान वाटणी होई. विधवेला फ्रीबेंच या हक्काने जमिनीचा सर्व किंवा काही भाग हयातभर मिळे, काही ठिकाणी पुनर्विवाह करेपर्यंतच. त्यामुळे बाप मेल्यानंतर मुलाचे नाव वीस वर्षे दिसत नसेल तर मुलगा मेला असे समजू नये, बहुधा आई जिवंत आहे.

डेव्हन, सॉमरसेट, डॉर्सेट, विल्टशर या पश्चिमेकडच्या भागांत तर वारसाहक्काऐवजी ‘आयुष्यांवर’ जमीन देण्याची चाल होती. एका व्यवहारात साधारणपणे तीन माणसांची नावे घातली जात, जसे कूळ, त्याची बायको आणि एक मुलगा, आणि तिघेही मरेपर्यंत हक्क चाले. वंशावळ काढणाऱ्याला ही चाल फार उपकारक आहे, कारण तिघांचे परस्पर नाते आणि कधी कधी वयेही तिथे लिहिलेली असतात. मात्र नावे घातलेली माणसे नात्यातलीच असत असेही नाही. दीर्घायुषी दिसणारे शेजाऱ्याचे मूलही घातले जाई.

वारस हजर झाला नाही तर लागोपाठ तीन सभांत पुकारा होई आणि त्यानंतर लॉर्ड जमीन तात्पुरती ताब्यात घेई. पुकारे चालू असतील तर वारस दूर आहे किंवा अज्ञात आहे, एवढेच समजावे. तो कित्येक वर्षांनी येऊन, किंवा मुखत्यारामार्फत, प्रवेश घेतो आणि तेव्हाच्या नोंदीत तो कुठे राहतो आणि मृताशी त्याचे नाते काय हे सविस्तर येते. अशा उशिरा आलेल्या नोंदी सर्वांत भरघोस असतात, कारण नाते सिद्ध करण्याची जबाबदारी वारसावर पडलेली असते.

नववी तपासणी: खरोखरच खाडा पडला असेल तर

काही दप्तरांत वर्षानुवर्षे खरेच काही नाही. तरी एकाच सभेचा कागद अनेक रूपांत असू शकतो: स्टुअर्डची कच्ची टिपणवही, पक्की गुंडाळी, वसूल करायच्या दंडांची वेगळी काढलेली यादी. पक्की हरवली असेल तर कच्ची किंवा यादी पाहावी. खंडाच्या याद्या आणि मोजणीची कागदपत्रे दोन टोकांना लावून, मधल्या काळात ते घर कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेले एवढे तरी दाखवता येते. खाडा १३४९ च्या प्लेगच्या सुमाराचा असेल, तर उलट त्या वर्षीच्या सभा मुद्दाम पाहाव्यात. जिथे गुंडाळ्या टिकल्या आहेत तिथे एकेका सभेत मृत कुळांच्या लांबच लांब याद्या आहेत.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

सतराव्या शतकातले लॅटिन ठरावीक साच्याचे असते. नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर लॅटिन आणि जुने हस्ताक्षर शिकवणारे विनामूल्य पाठ आहेत, ते केल्यावर चिकाटीच्या वाचकाला साच्यातली नोंद लागते. पण पुढील परिस्थितीत स्वतः पुढे जाऊ नये.

नोंद १५०० पूर्वीची आहे आणि संक्षेपचिन्हांनी भरलेली आहे: तिथे एका चिन्हावरून ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ किंवा ‘याचा’ आणि ‘यांचा’ यांत फरक पडतो, आणि चुकीच्या वाचनावर उभी केलेली पिढी नंतर काढून टाकणे अवघड जाते. वंशावळीची एक कडी एकाच नोंदीवर टांगलेली आहे आणि ती नोंद तुम्हाला दोन प्रकारे वाचता येते: इथेही दुसऱ्याचा, अनुभवी डोळा हवा. गुंडाळी कडक झाली आहे, तिला बुरशी आहे किंवा उलगडताना तडकते आहे: हात काढून घ्यावा आणि अभिलेखागारातल्या कर्मचाऱ्यांना सांगावे, ती सपाट करणे हे जतनतज्ज्ञाचे काम आहे. दप्तर खासगी मालकाकडे आहे: परस्पर दार ठोठावू नये, राष्ट्रीय नोंदसूची सांभाळणाऱ्या कार्यालयाला लिहून विचारावे. आणि प्रश्न वंशावळीचा न राहता आजच्या हक्काचा झाला, म्हणजे घराखालच्या खनिजांवर किंवा मोकळ्या जमिनीवर कोणी मॅनरचा हक्क सांगू लागला, तर तो वकिलाकडे न्यावा. लिलावात ‘लॉर्डशिप’, म्हणजे मॅनरच्या लॉर्डचा किताब, विकत घेतली की त्यासोबत दप्तरही हाती येईल आणि पूर्वज सापडतील, असे समजणारेही भेटतात. त्या पैशांत एक चांगला संशोधक बराच काळ काम करून देईल.

असा संशोधक शोधताना ‘असोसिएशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स अँड रिसर्चर्स इन आर्काइव्हज’ या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची सभासद-यादी पाहावी आणि त्यातही मध्ययुगीन लॅटिन व मॅनरची कागदपत्रे हा विषय लिहिणाऱ्यालाच निवडावे. जनगणना आणि जन्मदाखले यांत वाकबगार असलेला माणूस इथे कामाचा नाही. अनेक परगण्यांची अभिलेखागारेही तासाच्या दराने संशोधन करून देतात, आणि त्यांना आपले दप्तर माहीत असल्याने लहान कामासाठी मी आधी त्यांनाच विचारायला सांगतो. ‘आमच्या घराण्याचा शोध घ्या’ असे काम देऊ नये. त्याचे तास कधी संपत नाहीत. अभिलेखागाराचे नाव, कागदाचा पूर्ण संदर्भ-क्रमांक, सभेची तारीख राजवर्षासह, छायाचित्र असेल तर ते, घराचे किंवा शेताचे नाव, ठरलेला खंड, तोवर लागलेली साखळी आणि एकच प्रश्न, एवढे एका पानावर लिहून पाठवावे. नोंदीचे शब्दशः लॅटिन लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर अशी दोन्ही मागून घ्यावीत, आणि जिथे वाचन संशयास्पद आहे तिथे तसे चिन्ह करून द्यायला काम देतानाच सांगावे.